होमस्टेचा दर कसा ठरवावा? घरातील श्रमांचाही हिशेब आवश्यक

कोकणच्या किनारपट्टीपासून लडाखच्या खोऱ्यांपर्यंत आणि कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांपासून कुमाऊंच्या डोंगराळ गावांपर्यंत, राहत्या घरातील एक-दोन खोल्या पर्यटकांना देणे हा अनेक कुटुंबांच्या उत्पन्नाचा मार्ग झाला आहे. खोलीला रंग दिला जातो, नवे स्वच्छतागृह बांधले जाते, नोंदणीही होते. मात्र पहिल्या पाहुण्याचा दूरध्वनी येतो आणि तो 'एका रात्रीचे किती?' असे विचारतो, तेव्हा बहुतेक यजमान अडखळतात. अशा वेळी शेजारच्या घराचा दर विचारून त्यातून शंभर रुपये कमी केले जातात. काही जण तर 'तुम्हाला योग्य वाटेल ते द्या' असे सांगून मोकळे होतात.

अशा रीतीने ठरलेला दर पुढे वर्षानुवर्षे चालू राहतो. त्यातून खोलीचा खर्च निघतो की नाही आणि घरातील ज्या व्यक्तीच्या कष्टांवर हा व्यवसाय उभा असतो तिला काही मिळते की नाही, हे अनेकदा तपासले जात नाही. घरगुती निवासाचा दर ठरविण्यासाठी मोठ्या हिशेबतपासणीची गरज नसते. एक वही, खर्चाच्या काही प्रामाणिक नोंदी आणि साधा भागाकार एवढे त्यासाठी पुरेसे आहे.

शासन वर्गवारी देते, दर नाही

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या 'बेड अँड ब्रेकफास्ट' तथा होमस्टे योजनेत घरांना 'सिल्व्हर' आणि 'गोल्ड' अशा दोन वर्गांत मान्यता दिली जाते. घराचा मालक कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे, ही या योजनेची मुख्य अट आहे. पर्यटकांना देण्याच्या खोल्यांची संख्या एक ते सहा इतकी मर्यादित ठेवण्यात आली आहे. केरळमध्ये 'डायमंड', 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' असे तीन वर्ग आहेत. दिल्लीने २००७ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला, तर हिमाचल प्रदेशाने २००८ मध्ये होमस्टे योजना आणली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची 'निवास व न्याहारी' योजना राज्यातील पर्यटकांच्या परिचयाची आहे.

या सर्व योजनांमध्ये खोलीचा आकार, स्वच्छता, पाणी, सुरक्षितता अशा सुविधांची पाहणी होते. पाहुण्याकडून किती रक्कम घ्यावी, हा निर्णय मात्र यजमानाचाच असतो. त्यामुळे मान्यतेचे प्रमाणपत्र भिंतीवर लागले तरी दराचा प्रश्न सुटत नाही.

खर्चाचे दोन भाग

दर ठरविण्याची पहिली पायरी म्हणजे खर्चाचे दोन भाग करणे. पहिला भाग पाहुणा येवो अथवा न येवो, होणाऱ्या खर्चाचा आहे. खोलीची दुरुस्ती, पलंग, गाद्या, गिझर, इन्व्हर्टर, रंगकाम, नोंदणी शुल्क, इंटरनेट हे सारे त्यात येते. दुसरा भाग पाहुणा आल्यावरच होणाऱ्या खर्चाचा आहे. चादरी व टॉवेल धुणे, साबण, पाणी, वीज, चहा आणि न्याहारी या बाबी त्यात मोडतात.

हा फरक स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, कोकणातील एका कुटुंबाने दोन खोल्या आणि त्यांना जोडून स्वच्छतागृहे तयार करण्यासाठी ३,६०,००० रुपये खर्च केले. हे सामान आणि काम सहा वर्षे टिकेल असे धरले, तर वर्षाला ६०,००० रुपये होतात. खाऱ्या हवेमुळे लोखंडी वस्तू लवकर गंजतात आणि भिंतींना वरचेवर रंग द्यावा लागतो. या देखभालीसाठी वर्षाला २४,००० रुपये आणि नोंदणी, इंटरनेट, दूरध्वनी यांसाठी १६,००० रुपये धरले, तर वार्षिक स्थिर खर्च १,००,००० रुपये होतो.

खोल्यांसाठी कर्ज घेतले असल्यास त्याचे व्याज यात मिळवावे लागते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेंसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा करण्यात आली. उत्तराखंडात २०१८ पासून दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने गृह आवास योजना राबविण्यात आली आणि तिच्यात कर्जावर अनुदानाची तरतूद होती. अशा योजनांमुळे भांडवल मिळणे सोपे होते. तरीही परतफेड शेवटी पाहुण्यांकडून मिळणाऱ्या पैशांतूनच करायची असते.

भागाकार कोणत्या आकड्याने?

याच टप्प्यावर सर्वांत मोठी चूक घडते. दोन खोल्या आणि ३६५ दिवस म्हणजे वर्षाला ७३० रात्री होतात. एक लाख रुपयांना ७३० ने भागले की एका रात्रीवर केवळ १३७ रुपये स्थिर खर्च येतो आणि व्यवसाय अतिशय किफायतशीर वाटू लागतो. वास्तवात कोणतेही घर वर्षभर भरलेले नसते.

कोकणात दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत गर्दी असते, तर पावसाळ्यातील अनेक आठवडे रिकामे जातात. गणेशोत्सवात आणि शिमग्याला मुंबईकर चाकरमानी गावी येतात. त्या दिवसांत पाहुण्यांसाठीच्या खोल्याही घरच्या माणसांनीच भरून जातात आणि त्या रात्री विक्रीसाठी उपलब्ध नसतात. लडाखमध्ये मुख्य हंगाम उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांचा असतो.

म्हणून खर्चाला उपलब्ध रात्रींनी न भागता प्रत्यक्ष भरण्याची शक्यता असलेल्या रात्रींनी भागणे आवश्यक आहे. वरील उदाहरणात दोन्ही खोल्या मिळून वर्षाला २०० रात्री भरल्या, तर प्रत्येक रात्रीवर ५०० रुपये स्थिर खर्च येतो. १०० रात्रीच भरल्या, तर तोच आकडा १,००० रुपये होतो. कर्जावर वर्षाला ३०,००० रुपये व्याज भरावे लागत असेल, तर १०० रात्रींच्या हिशेबात आणखी ३०० रुपये वाढतात. नव्या यजमानाने पहिल्या वर्षी हा अंदाज जाणीवपूर्वक कमी धरावा आणि दुसऱ्या वर्षी वहीतील प्रत्यक्ष नोंदीवरून तो दुरुस्त करावा.

न दिसणारी मजुरी

पाहुणा आल्यावर होणाऱ्या खर्चात वीज, पाणी, धुलाई आणि साबणासाठी दोन व्यक्तींमागे २०० रुपये आणि चहा-न्याहारीच्या जिन्नसांसाठी १६० रुपये धरता येतील. अनेक यजमानांचा हिशेब येथेच संपतो. वास्तविक सर्वांत महत्त्वाची बाब यापुढे आहे.

खोली झाडून पुसणे, स्वच्छतागृह धुणे, अंथरुणे बदलणे, पहाटे उठून घावणे किंवा आंबोळ्या करणे, दूरध्वनीवर चौकशीला उत्तरे देणे, रात्री उशिरा येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहणे, नोंदवहीत नाव लिहून घेणे, या कामांना एका रात्रीमागे सहज चार तास लागतात. पाहुणा परदेशी असल्यास त्याच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत विहित ऑनलाइन नमुन्यात संबंधित यंत्रणेला कळवावी लागते. तेही कामच आहे. बहुतेक घरांत यांपैकी मोठा वाटा स्त्रिया उचलतात. घरचेच काम म्हणून त्याची किंमत शून्य धरली जाते.

हे मोल ठरविण्याची एक सोपी कसोटी आहे. घरातील व्यक्ती आजारी पडली आणि हीच कामे गावातील दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावी लागली, तर किती पैसे द्यावे लागतील, हा प्रश्न विचारावा. समजा, तो दर तासाला ७५ रुपये आहे. चार तासांचे ३०० रुपये होतात. म्हणजे एका रात्रीचा प्रत्यक्ष खर्च ३६० रुपये नसून ६६० रुपये आहे. त्यात १०० रात्रींच्या हिशेबाने १,००० रुपये स्थिर खर्च मिळविला की १,६६० रुपये हा आकडा मिळतो. याला नफा म्हणता येणार नाही. हा केवळ तोटा टाळणारा दर आहे.

आता याच कुटुंबाने शेजाऱ्याकडे पाहून ८०० रुपये दर ठेवला, असे समजू. रोजच्या हिशेबात ३६० रुपये जाऊन ४४० रुपये हातात उरतात आणि व्यवसाय चांगला चालल्याचा भास होतो. शंभर रात्रींचे ४४,००० रुपये जमा होतात. स्थिर खर्च मात्र एक लाखाचा असल्यामुळे दरवर्षी ५६,००० रुपयांची तूट साचत जाते. सहा वर्षांनी गाद्या बदलण्याची आणि स्वच्छतागृह दुरुस्त करण्याची वेळ येते, तेव्हा त्यासाठी पैसे शिल्लक नसतात. शिवाय घरातील व्यक्तींनी दरवर्षी ४०० तास विनामोबदला काम केलेले असते, त्याची कोठेही नोंद नसते.

हंगाम आणि खालची मर्यादा

वर्षभर एकच दर ठेवणे सोयीचे असले, तरी ते फायद्याचे ठरतेच असे नाही. पावसाळ्यात पाहुणा १,६६० रुपये देण्यास तयार नसेल, तर त्याला परत पाठवावे काय? येथे खर्चाची विभागणी उपयोगी पडते. खोली रिकामी राहिली तरी स्थिर खर्च होणारच असतो. त्यामुळे ६६० रुपयांपेक्षा अधिक मिळणारी प्रत्येक रक्कम त्या खर्चाचा काही भार उचलते. हजार रुपयांत खोली दिली, तर ३४० रुपये स्थिर खर्चाकडे जमा होतात. मात्र ६६० रुपयांपेक्षा कमी दराने खोली देणे म्हणजे पदरमोड करून पाहुणचार करणे होय.

या सवलतीची भरपाई हंगामात करावी लागते. शंभर रात्रींपैकी ४० रात्री हजार रुपयांनी दिल्या, तर उरलेल्या ६० रात्रींचा दर २,१०० रुपये ठेवल्यावरच वर्षाचा हिशेब जुळतो. त्यामुळे दिवाळी आणि नाताळात दर वाढविणारा यजमान लोभीच असतो असे नाही. मोकळ्या महिन्यांचा भार हंगामावर टाकणे ही या व्यवसायाची गरज आहे. हे दर वर्षाच्या सुरुवातीलाच तारखांसह लिहून ठेवले, तर पाहुणाही त्याबाबत तक्रार करीत नाही. दारात गाडी उभी राहिल्यावर दर वाढविणे मात्र अयोग्य आहे.

शेजारच्या घरांचे आणि छोट्या लॉजचे दर पाहणे आवश्यकच आहे. पण त्यावरून वरची मर्यादा समजते. खालची मर्यादा ज्याने त्याने स्वतःच्या खर्चावरून काढायची असते. बाजारातील दर आपल्या खर्चापेक्षा कमी असेल, तर आणखी दर कमी करून पाहुणे मिळविण्यापेक्षा खर्च कमी करणे, भरणाऱ्या रात्री वाढविणे किंवा जेवण, मळ्याची सैर अशा सेवा जोडणे हे पर्याय तपासावे लागतात. तरीही हिशेब जुळत नसल्यास खोलीवर नवे भांडवल न घालण्याचा निर्णयही शहाणपणाचा ठरू शकतो.

लडाखमधील सामुदायिक दर

एकाच गावातील घरांनी परस्परांशी स्पर्धा करून दर खाली आणू नयेत, यासाठी लडाखमध्ये वेगळा मार्ग शोधण्यात आला. हिम बिबट्याकडून मेंढ्या-बकऱ्या मारल्या जात असल्याने गावकरी आणि वन्यजीव यांच्यात संघर्ष होता. बिबट्या जिवंत राहण्यात गावाचाही आर्थिक लाभ असावा, या विचाराने स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सी या संस्थेने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला हेमिस राष्ट्रीय उद्यान परिसरातील गावांसोबत 'हिमालयन होमस्टे' हा उपक्रम सुरू केला. रुंबक हे त्यातील सुपरिचित गाव आहे.

या पद्धतीत दर गावाने मिळून ठरविला आणि पाहुणे घरांमध्ये पाळीपाळीने वाटण्यात आले. त्यामुळे चांगले रस्त्यालगतचे घर नेहमी भरलेले आणि वरच्या अंगाचे घर नेहमी रिकामे, अशी स्थिती टळली. एकमेकांचा दर पाडण्याचे कारणही उरले नाही. उत्पन्नातील सुमारे १० टक्के हिस्सा गावाच्या संवर्धन निधीसाठी राखण्यात आला. यजमानपद मुख्यतः घरातील स्त्रियांकडे असल्याने त्यांच्या श्रमाला ठरलेला मोबदला मिळू लागला.

मोठ्या किनारी गावांत जसाच्या तसा हा नमुना लागू होणे कठीण आहे. तेथील घरे आणि सुविधा यांत बराच फरक असतो. तरीही गावातील यजमानांनी एकत्र बसून किमान दराबाबत सहमती करणे आणि आपले घर भरलेले असल्यास पाहुणा दुसऱ्या घराकडे पाठविणे, एवढा भाग कोठेही अमलात आणता येतो.

मध्यस्थांचा वाटा आणि कर

ऑनलाइन आरक्षण करणाऱ्या संकेतस्थळांमुळे दूरच्या शहरांतील पाहुणे मिळतात. त्याबदल्यात कमिशन द्यावे लागते. त्याचा हिशेब करतानाही एक नेहमीची चूक होते. समजा, कमिशन १५ टक्के आहे. यजमानाला १,६६० रुपये हवे असतील, तर त्यात १५ टक्के मिळवून १,९०९ रुपये दर ठेवला जातो. मात्र कमिशन १,९०९ वर कापले जाते आणि हातात सुमारे १,६२३ रुपयेच येतात. बरोबर पद्धत म्हणजे १,६६० ला ०.८५ ने भागणे. त्यानुसार दर सुमारे १,९५३ रुपये येतो.

वस्तू आणि सेवा कराच्या बाबतीत बहुतेक राज्यांत सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असल्यास नोंदणीची सक्ती नसते. मणिपूर, मिझोराम, नागालँड आणि त्रिपुरा या राज्यांत ही मर्यादा १० लाख रुपये आहे. एक-दोन खोल्या देणारे बहुतेक यजमान या मर्यादेच्या आत राहतात. मात्र आरक्षण ऑनलाइन मध्यस्थामार्फत झाले, तर नोंदणी नसलेल्या यजमानाच्या खोलीवरील हा कर मध्यस्थाला भरावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीसाठी कराचा दर ५ टक्के आहे. त्यामुळे थेट दूरध्वनी करणाऱ्या पाहुण्याला दिसणारा दर आणि संकेतस्थळावरील अंतिम रक्कम यांत फरक पडतो. तो का पडतो, हे यजमानाला समजावून सांगता आले पाहिजे. करमर्यादेच्या आत असला तरी मिळालेला पैसा हे उत्पन्न आहे आणि त्याची नोंद ठेवणे आवश्यक आहे.

दरात काय समाविष्ट आहे?

एका रात्रीचा आकडा ठरला तरी त्यात काय येते हे स्पष्ट नसेल, तर निघतेवेळी वाद होतो. न्याहारी दरात धरावी आणि दुपारचे व रात्रीचे जेवण वेगळे आकारावे, ही पद्धत सोयीची आहे. शाकाहारी थाळीचा दर निश्चित ठेवता येतो. मासळीचे तसे नसते. पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि एरवीही सुरमई-पापलेटचे भाव रोज बदलतात. म्हणून मासळीच्या थाळीचा दर त्या दिवसाच्या बाजारभावावर अवलंबून राहील, असे सांगून ठेवावे आणि सकाळीच आकडा कळवावा.

जादा गादी, पाच वर्षांवरील मूल, गाडीच्या चालकाची झोपण्याची व जेवणाची व्यवस्था, वातानुकूलन यंत्राचा वापर, उशिरा खोली सोडणे यांचेही दर आधीच ठरवावेत. दीड टनी वातानुकूलन यंत्र रात्रभरात ८ ते १२ युनिट वीज घेऊ शकते. ते वापरणारा आणि न वापरणारा पाहुणा यांना एकच दर लावणे न्याय्य ठरत नाही. आगाऊ रक्कम किती आणि आरक्षण रद्द केल्यास त्यातील किती परत मिळेल, हेही लेखी असावे. ऐन दिवाळीत आदल्या दिवशी रद्द झालेली खोली पुन्हा भरणे बहुधा शक्य नसते.

भीड आणि पाहुणचार

दारी आलेल्याला पाणी आणि गूळ देणाऱ्या घरात पैशांचा विषय काढणे अवघड वाटते, हे स्वाभाविक आहे. 'तुम्हाला वाटेल ते द्या' या वाक्याचा उगम याच संकोचात आहे. परंतु त्यामुळे पाहुणाही अवघडतो. कमी दिले तर अपमान आणि जास्त दिले तर फसवणूक, अशा पेचात तो पडतो. मराठीत 'भीड भिकेची बहीण' अशी म्हण आहे आणि घरगुती निवासाच्या व्यवसायात तिचा प्रत्यय लवकर येतो.

मित्राचे मित्र, दूरचे नातेवाईक आणि कचेरीतील सहकारी यांचा प्रश्न अधिक नाजूक असतो. त्यासाठी घरातल्यांनी आधीच तीन गट करावेत. घरची माणसे कोण, म्हणजे ज्यांच्याकडून काहीच घ्यायचे नाही. सवलत कोणाला द्यायची आणि किती. आणि पूर्ण दर कोणाला लावायचा. सवलत देतानाही प्रत्यक्ष खर्चाची खालची मर्यादा सोडू नये. ही यादी ठरविताना स्वयंपाक आणि साफसफाई करणाऱ्या व्यक्तीचे मत घेतले पाहिजे, कारण सवलतीचा भार शेवटी तिच्यावरच पडतो.

दर आधी सांगितला म्हणून पाहुणचार उणा होत नाही. आकडा, त्यात काय येते आणि काय येत नाही, हे आरक्षणाच्या वेळीच कळले की मुक्कामात पैशांचा विषय पुन्हा निघत नाही आणि गप्पा, जेवण, गावाची ओळख यांना वेळ मिळतो. सोलकढीची दुसरी वाटी आग्रहाने वाढण्याचा आनंद यजमानालाही घेता येतो, कारण तिची किंमत ठरलेल्या दरात आधीच धरलेली असते. वर्षाच्या शेवटी वहीतील भरलेल्या रात्री, झालेला खर्च आणि घरातील व्यक्तींनी दिलेले तास यांची बेरीज करून पुढील वर्षाचा दर नव्याने ठरवावा. ज्या घरात ही बेरीज नियमाने होते, तेथे दर वाढवावा की तसाच ठेवावा, याचे उत्तर शेजाऱ्याला विचारावे लागत नाही.